खोक्याचे सहा फोटो

आंधळ्या माणसाकडे फोटो मागायला वेगळी अक्कल लागते. त्या साइटवाल्यांकडे ती पोत्याने होती.

“सर, पार्सलच्या खोक्याचे सहा बाजूंनी सहा फोटो अपलोड करा,” फोनवरची मुलगी म्हणाली.

“मी आंधळा आहे, हे आत्ताच सांगितलं ना तुम्हाला?”

“हो सर, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. फोटोत पत्त्याचं लेबल स्पष्ट दिसायला हवं.”

“मला खोका दिसत नाही, लेबल कुठलं दिसणार!”

“मग उजेडात काढा ना सर.”

मी फोन आपटला. म्हणजे अंगठ्याने जोरात दाबला. हल्लीच्या फोनांनी माणसाचं आपटण्याचं सुखसुद्धा काढून घेतलंय.

प्रकरण एका मशीनचं होतं. मोठेपणी दृष्टी गेलेल्या माणसांना मी ब्रेल वाचायला शिकवतो. सध्या माझ्याकडे एक शिंपी आहे, एक निवृत्त ड्रायव्हर आहे आणि एक बाई आहेत, ज्यांनी सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात घालवली आणि आता माझ्यावर मास्तरकी करतात. ह्या मंडळींची बोटं राठ झालेली असतात. छापील पुस्तकातली टिंबं त्यांना रव्यासारखी लागतात, एकातून दुसरं वेगळं निघत नाही. म्हणून त्यांची पानं मी स्वतः लिहितो. अक्षरं मोकळी, ओळींमध्ये भरपूर जागा, आणि शब्द ज्याचे त्याला. शिंप्याच्या पानावर काज, अस्तर, बटण. ड्रायव्हरच्या पानावर ब्रेक, वळण, चढ. आपला शब्द बोटाखाली सापडला की त्या माणसाचा श्वास बदलतो. तो ऐकायला मिळतो म्हणून मी ह्या कामात टिकलोय, नाहीतर पगार ऐकून कुणीही पळून जाईल.

ही पानं लिहायला सहा कळांचं एक लोखंडी मशीन लागतं. माझं जुनं मशीन कायमचं बसलं. ते दुरुस्त करणारा एकच मेकॅनिक होता, तो दुकान बंद करून लेकाकडे राहायला गेला. नव्याची किंमत विचारली आणि पुढचं काही विचारलं नाही. मग हातातली पाटी आणि टोचणी घेऊन बसलो. पाटीवर उलट्या बाजूने, उजवीकडून डावीकडे, एकेक टिंब टोचत जायचं. एका पानात मनगट भरून यायचं आणि शिंपी विचारायचा, “मास्तर, माझं पान झालं का?” त्याची घाई मला कळत होती. नवं नवं वाचायला येऊ लागलेल्या माणसाला थांबवणं पाप आहे.

तेव्हा ताईने साइटवर जुनं मशीन शोधलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न मोडून परत आली ती आलीच, आणि आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना विचारते, “आता स्पष्ट दिसतंय का?” आणि संध्याकाळी घरी माझ्याकडे येते. देवाला विनोदाची आवड असावी.

ताईच्या डोळ्यांवर माझं सगळं चालतं. ती म्हणाली शर्टावर डाग नाही, की मी बाहेर पडतो. ती म्हणाली बाटलीवरची तारीख उलटलेली नाही, की मी औषध घेतो. ती कागदावर बोट टेकवून म्हणाली “इथे,” की मी सही करतो. म्हणून आमच्यात लहानपणापासून एकच करार आहे: मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही, दिसतं ते सांगायचं. बाकी सगळं जग माझ्याशी गोड बोलतं. रस्ता ओलांडून देणारा म्हणतो, “वा, काय छान चालता तुम्ही!” जसं काही मी परवाच चालायला शिकलोय. ह्या सगळ्या साखरेत ताईचा शब्द तेवढा नुसता शब्द होता. तो गेला तर माझ्याकडे काहीच उरत नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

पार्सल आलं तेव्हा ताई दुकानात होती. डिलिव्हरीवाल्याने ते दारातच ठेवलं आणि माझी सही घेऊन पळाला. वजनदार होतं. हात फिरवला तर बाहेरून जाड कापड, आणि ते चारही कडांनी शिवलेलं. दाभणाचे लांब, एकसारखे टाके. असं पार्सल कितीतरी वर्षांत हाताला लागलं नव्हतं. मी कात्रीच्या टोकाने टाके उसवत गेलो आणि खरं सांगतो, मजा आली. आत पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात कागदाचे बोळे, एक जुना टॉवेल, आणि टॉवेलात मशीन. मी ते उचलून टेबलावर ठेवलं.

आणि मग मी आमच्या घरात जे नेहमी होतं तेच केलं. जमिनीवर काही ठेवायचं नाही हा आमच्याकडचा कायदा आहे. चप्पल, पिशवी, पाण्याची बाटली, जे जमिनीवर राहील ते माझ्या नडगीला लागतं. एकदा ताईचा झाडू आडवा पडला होता, त्यात माझा दात गेला. तेव्हापासून आलेली वस्तू ठिकाणावर आणि तिची आवरणं घराबाहेर. मी खोका मोडून सपाट केला, बोळे त्यात दाबले, आणि कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या हवाली केलं. “कापड चांगलं जाड आहे, मला राहू दे,” त्या म्हणाल्या. म्हटलं, न्या.

मग हात धुऊन, कागद लावून, मशीनपुढे बसलो. नव्या मशीनचा पहिला शब्द काय लिहायचा तेही ठरवलं होतं. शिंप्याचं ‘अस्तर’. चौथ्या टिंबाची कळ दाबली, ती खाली गेली आणि खालीच बसली. ओळीवरून सरकणारा भाग अर्ध्यात अडकलेला. उजवीकडची कागद फिरवायची मूठ वाकलेली. बुडाशी बोट फिरवलं तर पत्र्याला केसासारखी भेग, आणि बोटाला रक्त. मशीन कुठेतरी जबरदस्त आपटलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी ताई आली. तिने आधी मशीन पाहिलं, मग विचारलं, “खोका कुठाय?”

“टाकला.”

“टाकलास?”

“मग काय, देव्हाऱ्यात ठेवू?”

“अरे, तक्रार करायची तर खोक्याचे फोटो लागतात! साइटवर लिहिलेलं असतं सगळं.”

“लिहिलेलं असतं! मला कोण वाचून दाखवणार होतं ते? तू दाखवलंस?”

तिने नव्हतं दाखवलं. मग दोघंही एकमेकांचा राग साइटवर काढायला लागलो. ते सोपं होतं.

विकणारी बाई साइटवर ‘पसारा’ ह्या नावाने होती. कुणा काकाचं घर आवरत होती, त्यातलं एकेक विकत होती. तिचा निरोप माझ्या फोनने त्याच्या लोखंडी आवाजात वाचून दाखवला: वस्तू पाठवताना उत्तम स्थितीत होती, पार्सल ऑफिसकडे चौकशी करा. झालं, हिने हात झटकले.

मी पार्सल ऑफिसला स्वतः गेलो. ताई म्हणाली मी येते, मी नको म्हणालो. ती बरोबर असली की लोक माझ्याबद्दल तिच्याशी बोलतात. मी त्यांच्या समोर उभा असतो आणि ते विचारतात, “ह्यांना काय हवंय?”

काचेपलीकडचा कारकून काहीतरी चघळत होता. “फुटल्याची नोंद नाही,” तो म्हणाला.

“मशीन माझ्या टेबलावर आहे. फुटलेलं.”

“ते उघडल्यानंतर. घेतानाच तक्रार करायची. बंद असताना.”

“बंद पार्सलच्या आत काय फुटलंय ते बंद असताना कसं कळणार?”

“बाहेरून दिसतं.”

“कुणाला?”

तो चघळायचा थांबला. माझी काठी त्याला तेव्हा दिसली असावी. “मग घरच्यांनी बघायला हवं होतं,” तो म्हणाला.

त्याच्या मागे कुठेतरी धप्प, धप्प असे आवाज चालले होते. एक जड वस्तू, मग दुसरी, मग त्यावर तिसरी. एक आवाज असा होता की त्यात काच होती हे मी शपथेवर सांगेन.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“माल उतरवतायत.”

“उतरवतायत की फेकतायत?”

“साहेब, तुमच्या मागे रांग आहे.”

रांग होती. रांगेतल्या एकाने माझा दंड धरून मला दाराकडे वळवलं, अगदी प्रेमाने. मी त्याचा हात झटकला आणि तो म्हणाला, “बिचारे चिडलेत.” बिचारे! एखाद्याने माझ्या थोबाडीत मारली असती तर मी त्याचा जास्त मान ठेवला असता.

घरी येऊन मी साइटला पुन्हा फोन केला, पुन्हा तेच सहा फोटो ऐकले, पुन्हा ओरडलो. ताई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या करत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, “ओरडून फॉर्म भरला जात नाही. मी बघते काय ते.” मी म्हणालो, “बघ. बघायचं खातं तुझ्याकडेच आहे.” ती हसली. मी पण हसलो.

पुढच्या आठवड्यात ती दारातूनच बोलत आली. “झालं तुझं काम. साइटने आपल्या बाजूने निकाल दिला. पैसे परत येतायत, ते आले की दुसरं मशीन शोधू.”

“असं कसं? खोका नसताना?”

“मशीनचे नीट फोटो काढले. भेगेचा, मुठीचा, कळेचा. सगळं समजावून लिहिलं.”

“आणि खोक्याचं?”

“त्याचंही बघितलं त्यांनी.”

मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंसुद्धा, की बघा, जग अगदीच कामातून गेलेलं नाही, आपलं म्हणणं नीट आणि खरं मांडलं की ऐकणारं कुणीतरी असतं. गणिताच्या बाई म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही आज गोड बोलताय, तब्येत बरी आहे ना?” सगळे हसले. त्या हसण्याची आता मला चीड येते.

फोन आला तेव्हा मी घरी एकटाच होतो. बाईचा आवाज, धापा टाकणारा.

“तुम्हीच ते मशीन घेणारे ना? पार्सलवर टाकायला तुमचा नंबर दिला होता, ब्रेलच्या मास्तरांना मशीन हवंय असं लिहून. मी पसारा.”

“बोला.”

“लाज नाही वाटत? मास्तर म्हणवता स्वतःला! माझे पैसे काढून घेतले, माझ्या नावापुढे लाल खूण केली साइटने. खोटे फोटो टाकून!”

“तोंड सांभाळून बोला,” मी म्हणालो. “मशीन मोडलेलं आलं. माझ्या बोटाला अजून पट्टी आहे.”

“मशीनचं नाही म्हणत मी. खोक्याचं म्हणतेय. तो खोका माझा नाही.”

“खोके काय, सगळे सारखेच असतात.”

“तो माझा नाही!”

आता माझा पारा चढला. कुणीही मला काहीही म्हणावं, मला सवय आहे. पण हे ताईवर होतं. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्यांचा रेडिओ बंद झाला. “माझ्या बहिणीने ते फोटो टाकलेत. आणि माझी बहीण खोटं बोलत नाही. जगात एकच बाई आहे जी माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही, आणि तिच्यावर तुम्ही आळ घेताय! तुमचा माल तुम्ही निष्काळजीपणाने पाठवलात, वर चोराच्या उलट्या—”

“मी कापडात शिवलं होतं,” ती म्हणाली.

मी थांबलो.

“पार्सल. दाभण घेऊन बसले होते एक अख्खी दुपार. काकांनी शिकवलं होतं मला. ते तुमच्यासारखेच होते, दिसत नव्हतं त्यांना. म्हणायचे, टेप कुणीही फाडतं, टाके उसवायला माणूस लागतो. आणि तुमच्या फोटोत नुसता पुठ्ठ्याचा खोका आहे, वर पिवळी टेप. एक कोपरा चेपलेला. त्यावर माझ्या पत्त्याचं लेबलसुद्धा नाही, फाटलंय म्हणे. कापड कुठाय माझं?”

ते टाके माझ्या बोटांत होते. लांब, एकसारखे. कापडाबद्दल मी ताईला बोललोच नव्हतो. तिने खोका विचारला, मी खोका टाकला म्हणालो, आणि तिथून जे भांडण सुरू झालं त्यात कापडाला जागाच मिळाली नाही.

“ऐकताय ना?” ती म्हणाली.

“मशीनच्या आत ओळीवरून सरकणारा एक भाग असतो,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. “तो पाठवताना कापड कोंबून घट्ट करायचा असतो. केला होतात?”

“कुठला भाग?” आणि मग, बारीक आवाजात, “मला काय माहीत. काकांनी फक्त शिवायला शिकवलं होतं.”

म्हणजे तिची चूक होतीच. पण ती न कळून केलेली होती, आणि तिने ती फोनवर, ओळखपाळख नसलेल्या माणसापुढे कबूल केली. मी म्हणालो, “फोटोचं मी बघतो,” आणि फोन ठेवला. बघतो! मी!

ताई यायला वेळ होता. मी खुर्चीत बसून राहिलो आणि माझा राग जागा बदलत राहिला. आधी त्या बाईवर, मग साइटवर, मग स्वतःवर, कारण मी छाती ठोकून ओरडलो होतो. शेवटी तो जिथे जायचा तिथेच जाऊन बसला.

कुलूप उघडलं. किल्ल्या खुंटीला लागल्या.

“ताई, त्या फोटोत काय आहे?”

“कुठल्या?”

“खोक्याच्या.”

“खोका आहे. अजून काय असणार?”

“शिवलेला की चिकटवलेला?”

पिशवी अजून तिच्या हातात असावी, कारण कागदाची कुरकुर ऐकू येत होती.

“पार्सल कापडात शिवलेलं होतं,” मी म्हणालो. “मी उसवलं. त्या बाईचा फोन आला होता.”

“बरं,” ताई म्हणाली. पिशवी टेबलावर ठेवली. “दुकानात काचांचे खोके येतात. त्यातला एक घेतला. जिन्यावरून खाली सोडला, एकदा सोडून भागेना म्हणून परत सोडला. पत्त्याचा कागद लावला आणि फाडला. आता?”

“आता? आता म्हणजे? तू खोटं केलंस!”

“मशीन मोडलं होतं की नव्हतं?”

“होतं.”

“मग खोटं काय त्यात? मोडलेलं खरंच होतं. त्या मठ्ठांना खोका हवा होता, मी खोका दिला. तुला काय वाटतं, खरं बोलल्यावर तुला कुणी पैसे देणार होतं? तू पार्सल ऑफिसात खरंच बोललास ना? दंड धरून बाहेर काढलं तुला. घरी येऊन तू सांगितलंस तेव्हा मी कपड्यांत तोंड घालून बसले होते, कळलं होतं तुला?”

“माझी कीव करायची नाही असं ठरलंय आपलं!”

“कीव नाही केली. काम केलं. तू तत्त्वं सांगायची आणि तुझी लफडी मी निस्तरायची, असं ठरलंय आपलं.”

“तू मला म्हणालीस, त्यांनी खोक्याचंही बघितलं.”

“बघितलंच की त्यांनी.”

ह्या उत्तराने माझ्या डोक्यात सणक गेली. साइटला फसवलं त्याचं मला एवढं नव्हतं. तिने शब्द असे निवडले होते की ते माझ्या हाताला गुळगुळीत लागावेत. तिने मला बाहेरच्या लोकांसारखं वागवलं होतं. मी फोन उचलला. मी नेहमीच स्पीकरवर बोलतो, त्यामुळे पुढचं सगळं तिने ऐकलं.

“सर, तुमची तक्रार तुमच्या बाजूने निकालात निघाली आहे, अभिनंदन,” मुलगी म्हणाली.

“अभिनंदन गेलं खड्ड्यात. त्यातला खोक्याचा फोटो खोटा आहे.”

“म्हणजे स्पष्ट आला नाहीये का सर?”

“स्पष्ट आहे. खोटा आहे.”

“नवीन फोटो अपलोड करायचा आहे का सर?”

“अहो बाई, तो खोका आमच्या पार्सलचा नव्हताच! निकाल फिरवा. त्या बाईंच्या नावाची लाल खूण काढा.”

मग गाणं लागलं, बराच वेळ वाजलं, आणि एक जड आवाजाचा माणूस आला. त्याने सगळं पुन्हा विचारलं आणि म्हणाला, “निकाल फिरवता येईल. पण मग ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांच्यावर फसवणुकीची नोंद होते. खातं कायमचं बंद, आणि ती नोंद नंतर काढता येत नाही. खातं तुमच्या बहिणीच्या नावावर दिसतंय. नोंदवू?”

“नको रे,” ताई म्हणाली. एवढंच, आणि हळू. ताई कुणापुढे कधी असं बोलत नाही. मेहुण्यांनी तिचं सामान दाराबाहेर ठेवलं तेव्हासुद्धा ती नको म्हणाली नव्हती.

“नोंदवा,” मी म्हणालो.

फोन बंद झाला. मला वाटलं, आता ती रडेल नाहीतर काहीतरी फोडेल, आणि दोन्हीला मी तयार होतो. तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली.

“तुला दिसतं तेच हवं ना?” ती म्हणाली. “मग घे. आई तुझ्याकडे बघत नव्हती.”

हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी आईची वाचा गेलेली होती. मी तिचा हात धरून बसलो होतो. हात गरम होता, पण तो काहीच सांगत नव्हता, आणि मी पुन्हा पुन्हा विचारत होतो, आई, ऐकू येतंय का. तेव्हा पलंगाच्या पायाशी उभी असलेली ताई म्हणाली, “तुझ्याकडे बघतेय रे. हसतेय.” मी जन्मापासून आंधळा. आईचा चेहरा म्हणजे माझ्यासाठी तिचा आवाज आणि कपाळावरचा तिचा हात. ते एक हसू तेवढं माझ्याकडे डोळ्यांचं आहे, आणि तेही ताईने दिलेलं. फार वाईट दिवस असला की मी ते काढून बसतो. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही, ताई सोडून.

“भिंतीकडे बघत होती ती,” ताई म्हणाली. “तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. हसणं कसलं! तू असा काही हात धरून बसला होतास की माझ्या तोंडून निघून गेलं.”

“खोटं,” मी म्हणालो.

“बरं.”

ती उठली. नळ सुरू झाला, गॅस पेटला, भांड्यात पळी फिरली. मी तिथेच बसून होतो. ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडायचं ते सुचेना. मला जे हवं होतं तेच तिने माझ्या हातात दिलं होतं.

तिने ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. स्वतःचं आणलं. आम्ही जेवायला लागलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मघाशी मी रागात बोलले. आई हसत होती. तुझ्याकडेच बघत होती.”

घास माझ्या हातात तसाच राहिला. “आत्ता खरं बोलतेयस की मघाशी?”

“आत्ता.”

मी तिची दोन्ही वाक्यं मनात शेजारी शेजारी ठेवली आणि पुन्हा पुन्हा ऐकली. दोन्ही वेळा तिचा आवाज सारखाच होता.